इतके निकाल दिले, कोर्टाने चारच का घेतले? ठेवीदारांची फसवणूक आणि मनी लाँडरिंगच्या केसमधल्या सायटेशनबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची ठेव नाशिकच्या एका गुंतवणूक योजनेत अडकली. संचालकांवर इथे फसवणूक, विश्वासघात आणि एमपीआयडी कायद्याखाली (ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा) गुन्हा दाखल आहे आणि ईडीचं मनी लाँडरिंगचं वेगळं प्रकरण मुंबईच्या विशेष न्यायालयात आहे. जामिनाच्या सुनावणीत दोन्ही बाजूंनी निकालांचे गठ्ठे दिले, पण आदेशात उल्लेख आला फक्त चारांचा. कोणता निकाल चालणार हे कोर्ट कशावरून ठरवतं आणि तुम्ही हस्तक्षेप अर्जासोबत (जामिनाच्या सुनावणीत पीडित म्हणून म्हणणं मांडायचा अर्ज) कोणते द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

गठ्ठ्याच्या जाडीला काही किंमत नसते. न्यायाधीश प्रत्येक निकालाबद्दल तीनच गोष्टी बघतात: तो माझ्यावर बंधनकारक आहे का, आज कायम आहे का आणि माझ्यासमोरच्याच प्रश्नाचं उत्तर त्यात दिलंय का. बहुतेक सायटेशन, म्हणजे आधारासाठी दिलेले जुने निकाल, तिसऱ्या प्रश्नावर गळतात. मग आदेशात "आरोपीतर्फे दाखल न्यायनिर्णयांतील वस्तुस्थिती भिन्न असल्याने ते लागू होत नाहीत" असं एक वाक्य येतं आणि पंधरा निकाल एका दमात निकालात निघतात.

बंधनकारक कोण, हे सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सगळ्यांवर बंधनकारक. त्याखाली मुंबई उच्च न्यायालय. नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतं, शेजारचे धुळे-जळगाव औरंगाबाद खंडपीठाकडे. पण उच्च न्यायालय एकच आहे, म्हणून औरंगाबाद किंवा नागपूरचा निकालही जुन्या आग्रा रोडवरच्या आपल्या जिल्हा न्यायालयाला तितकाच लागू. दिल्ली उच्च न्यायालयाचे पीएमएलएवरचे (मनी लाँडरिंगविरोधी कायद्यावरचे) निकाल भरपूर सापडतील. ते इथे फक्त विचारात घेतले जातात, मुंबईचा उलटा निकाल असला की बाजूला पडतात. दुसऱ्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाचा जामीन आदेश पूर्वनिर्णय म्हणून चालत नाही. सहआरोपीचा असेल तर समानतेच्या मुद्द्यावर उपयोगी पडतो, तेवढंच.

मग पीठ केवढं, हे बघायचं. मोठ्या पीठाचं मत लहान पीठावर बंधनकारक असतं. सारख्याच संख्येच्या दोन पीठांत विरोध आला तर आधीचा निकाल धरायचा, नंतरचं पीठ त्याच्या उलट जाऊ शकत नाही. हे प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ३१ ऑक्टोबर २०१७ ला स्पष्ट केलंय. "सगळ्यात ताजा निकाल तोच खरा" हा समज इथे मोडतो.

पण नुसते न्यायमूर्ती मोजूनही भागत नाही. पीएमएलएच्या कलम ४५ मध्ये जामिनासाठी दोन जादा अटी आहेत: सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यायची, आणि त्यांनी विरोध केला तर आरोपी दोषी नाही व जामिनावर असताना गुन्हा करणार नाही असं मानायला कोर्टाला वाजवी कारण दिसलं पाहिजे. १० नोव्हेंबर २०१७ ला रोहित टंडन प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी याच अटी लावून जामीन नाकारला. बरोबर तेरा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, निकेश ताराचंद शाह प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्या अटी घटनाबाह्य ठरवल्या. दोघांनी तिघांना ओलांडलं का? नाही. रोहित टंडनमध्ये कलमाच्या वैधतेचा प्रश्नच कोर्टासमोर नव्हता. निकाल बांधतो तो जेवढं ठरवलंय तेवढ्यापुरताच, त्यात गृहीत धरलेल्या गोष्टींपुरता नाही.

पुढे २०१८ च्या वित्त अधिनियमाने कलम ४५ दुरुस्त झालं. त्या अटी दुरुस्तीने परत जिवंत झाल्या का, यावर उच्च न्यायालयांचा सूर "नाही" असा होता. समीर भुजबळ प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा जून २०१८ चा निकाल त्यातलाच, नाव नाशिककरांच्या ओळखीचं म्हणून सांगतो. २७ जुलै २०२२ ला विजय मदनलाल चौधरी प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी दुरुस्त कलम ४५ वैध ठरवलं आणि त्या मुद्द्यावर हे सगळे आधीचे निकाल संपले. तरी आजही जामीन अर्जांत निकेश शाह छापलेला दिसतो. जुन्या अर्जातून उतरवलेला मजकूर असतो तो. सरकारी वकील एका वाक्यात तो उडवतात आणि त्याच अर्जातल्या चांगल्या मुद्द्यांवरचाही विश्वास कमी होतो.

विजय मदनलालवर पुनर्विलोकन अर्ज आहेत आणि २५ ऑगस्ट २०२२ ला त्यात नोटीसही निघाली होती, हे आरोपीचे वकील सांगतील. नुसती नोटीस निघाली किंवा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला म्हणून निकाल थांबत नाही. तो बदलेपर्यंत उच्च न्यायालयांनी तोच पाळायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये लडाख आणि जम्मू-काश्मीर नॅशनल कॉन्फरन्सच्या प्रकरणात बजावलंय.

या निकालाचा परिच्छेद सांगताना हमखास घोळ होतो. मूळ प्रतीत निष्कर्ष परिच्छेद १८७ मध्ये आहेत, तेच एससीसी या निकालसंग्रहाच्या ऑनलाइन आवृत्तीत ४६७ मध्ये आणि छापील एससीसीच्या २०२३ च्या १२ व्या खंडात ३८२ मध्ये. वाक्य एकच, क्रमांक तीन. तुम्ही ४६७ लिहिलं आणि सोबत मूळ प्रत जोडली तर न्यायाधीशांना ते सापडणार नाही, आणि भर बोर्डावर शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. जी प्रत जोडाल तिचाच क्रमांक लिहा आणि ओळींना समासात रेघ मारा.

त्याच निष्कर्षांत आरोपीच्या फायद्याचंही एक वाक्य आहे: मूळ अनुसूचित (म्हणजे पीएमएलएच्या परिशिष्टातल्या) गुन्ह्यातून आरोपी अंतिमतः सुटला किंवा तो गुन्हाच रद्द झाला, तर त्या गुन्ह्यापोटी मनी लाँडरिंगचा खटला उभा राहत नाही. म्हणून नाशिकच्या केसमध्ये काय होतं यावर मुंबईची केस टिकते. भारतीय दंड संहितेचं कलम ४२० पीएमएलएच्या परिशिष्टात आहे, ४०६ आणि ४०९ नाहीत. पूर्वी ईडी अशा वेळी १२०ब, म्हणजे कटाचं कलम पुढे करत असे. २९ नोव्हेंबर २०२३ च्या पावना दिब्बूर निकालाने सांगितलं की कट जर परिशिष्टातल्याच गुन्ह्यासाठी असेल तरच १२०ब अनुसूचित गुन्हा ठरतो. आता यासोबत दिल्ली रेस क्लब हा २३ ऑगस्ट २०२४ चा निकाल ठेवून बघा. त्यात म्हटलंय की फसवणूक आणि विश्वासघात हे दोन वेगळे गुन्हे आहेत, एकाच वस्तुस्थितीवर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. आरोपीचे वकील हे दोन निकाल जोडीने वापरतात: आधी ४२० काढून टाका, मग पावना दिब्बूर दाखवून ईडीच्या केसचा पायाच काढा. तुमच्या बाजूने लढाई इथेच आहे.

याला उत्तर वस्तुस्थितीत आहे. फसवणुकीचा गाभा म्हणजे पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता का. नुसता करारभंग आणि फसवणूक यांतला फरक सांगताना कोर्ट हृदय रंजन प्रसाद वर्मा, (२००० चा) ४ एससीसी १६८, हाच निकाल परत परत घेतात: हेतू सुरुवातीलाच असला पाहिजे, नंतर वचन पाळलं नाही एवढ्यावरून तो गृहीत धरता येत नाही. आरोपी हा निकाल "हा तर दिवाणी व्यवहार" म्हणायला वापरतो. तुम्ही तोच निकाल उलटा वापरू शकता. योजनेचे पहिले धनादेश कोणत्या तारखेला न वटता परत आले? त्यानंतरही नव्या ठेवी घेतल्या का? वडिलांची पावती त्या तारखेनंतरची असेल, तर पैसे घेतेवेळी परतफेड होणार नाही हे घेणाऱ्याला ठाऊक होतं असं सरळ मांडता येतं. तारखांचा अर्ध्या पानाचा तक्ता करा: डावीकडे पहिला बाउन्स, उजवीकडे त्यानंतरच्या पावत्या. माझ्या मते हा तक्ता दहा सायटेशनच्या तोडीचा आहे.

कलम ४०९ साठी एवढी ओढाताण का चालते तेही समजून घ्या. ४२० ला कमाल शिक्षा सात वर्षं, एमपीआयडीच्या कलम ३ ला सहा. दोन्ही सात वर्षांच्या आत, म्हणजे अर्णेश कुमार (२०१४) लागू: आधी नोटीस, अटक करायचीच तर लेखी कारणं. ४०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते लागलं की अर्णेश कुमारचं संरक्षण जातं आणि दोषारोपपत्राची मुदतही ६० ऐवजी ९० दिवस होते. म्हणून संचालक ४०९ मधल्या 'बँकर, व्यापारी, दलाल, एजंट' या यादीत बसतो का यावर एवढा काथ्याकूट. दोषारोपपत्र ७० व्या दिवशी आलं असेल तर आरोपी आत राहणार की मुदत चुकल्यामुळे मिळणाऱ्या आपोआपच्या जामिनावर बाहेर येणार हे याच उत्तरावर ठरतं.

एमपीआयडीच्या बाजूला एक मोठा सापळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. तो निकाल शोधयंत्रात अजून सापडतो आणि वाचणाऱ्याला घाम फुटतो. घाबरू नका. २०११ मध्ये के. के. भास्करन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा तसाच कायदा वैध ठरवला आणि २०१२ मध्ये सोनल हेमंत जोशी प्रकरणात महाराष्ट्राचाही. २२ एप्रिल २०२२ च्या ६३ मून्स निकालाने 'ठेव' शब्दाचा अर्थ बराच रुंद धरला. पैसे रोख आले की माल किंवा सेवेच्या रूपात परत द्यायचे होते, यावरून आरोपीला निसटता येत नाही. पण ६३ मून्स जप्तीच्या प्रकरणातून आला आहे. "आमची योजना ठेव नव्हतीच, ते भागभांडवल होतं" हा बचाव आला तर तो दाखवा. "म्हणून जामीन देऊ नये" यासाठी दाखवाल तर कोर्ट म्हणेल, यात जामिनाचा शब्द कुठे आहे?

अशीच उलट गल्लत कलम ४५ ची होते. एमपीआयडी कायद्यात पीएमएलएसारख्या दुहेरी अटी नाहीत. नाशिकच्या विशेष न्यायालयात विजय मदनलाल दाखवून जामिनाला विरोध करणं व्यर्थ. आणि मुंबईतसुद्धा स्त्री, आजारी व्यक्ती किंवा एक कोटीच्या आतली रक्कम असेल तर कलम ४५ चंच परंतुक (अपवादाची तरतूद) कोर्टाला सवलत देतं.

"आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग आहे" हे वाय. एस. जगनमोहन रेड्डी, (२०१३ चा) ७ एससीसी ४३९ मधलं वाक्य सरकार पक्षाच्या प्रत्येक 'से'मध्ये (लेखी म्हणण्यात) असतं. ते बरोबरच आहे, पण अर्धं. ४ डिसेंबर २०१९ ला पी. चिदंबरम प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की आरोप गंभीर आर्थिक गुन्ह्याचा असला तरी प्रत्येक वेळी जामीन नाकारायचा असा नियम नाही, ज्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरवायचं. सतेंदर कुमार अंतिल (११ जुलै २०२२) त्याच वाटेने जातो. तुमच्या बाजूने जगनमोहन दिला तर चिदंबरमचा उल्लेख स्वतःच करा आणि आपलं प्रकरण वेगळं का ते सांगा. समोरच्याने काढून दाखवण्यापेक्षा ते बरं.

ईडीच्या केसमध्ये सध्या जास्त जामीन होतात ते खटला रेंगाळल्याच्या मुद्द्यावर. मनीष सिसोदिया (९ ऑगस्ट २०२४) आणि सेंथिल बालाजी (२६ सप्टेंबर २०२४) हे त्यातले दोन मुख्य निकाल. कडक जामीन तरतूद आणि लांबलेला खटला एकत्र चालणार नाही, असा त्यांचा रोख. हे निकाल आकड्यांवर उभे आहेत. सिसोदिया सुमारे १७ महिने कोठडीत होते आणि दोन्ही प्रकरणांत मिळून ४९३ साक्षीदार होते. तुमचा आरोपी चार महिन्यांपासून आत असेल तर हा निकाल त्याला आपोआप लागू होत नाही. आणि लांबणीला तोच कारण असेल तर रोजनाम्याची (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढा. नक्कल विभागात अर्ज करून ती मिळते, ठेवीदाराच्या नावाने अडचण आली तर वकिलामार्फत काढा. 'आरोपीतर्फे मुदत अर्ज, मंजूर' ही ओळ चार वेळा दिसली की सेंथिल बालाजीची धार जाते.

अटकेच्या कारणांबाबत तारखा फार महत्त्वाच्या. अटकेची कारणं लेखी द्या, असं पंकज बन्सल निकालाने ३ ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, पण "यापुढे" या शब्दासह. त्यामुळे आधीच्या अटकांना तो लागू नाही, असं राम किशोर अरोरा निकाल (१५ डिसेंबर २०२३) म्हणतो. ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने लेखी कारणांचा नियम सगळ्याच गुन्ह्यांपर्यंत नेला: आरोपीला समजेल अशा भाषेत, आणि रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. तोही पुढच्या अटकांसाठी. म्हणजे आरोपीच्या वकिलाने यातला कोणताही निकाल काढला की पहिला प्रश्न एकच, अटक कधी झाली?

नव्या कायद्यांमुळे एक पायरी वाढली आहे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर कलमं दंड संहितेचीच, मात्र आज केलेला जामीन अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ किंवा ४८३ खाली. ४२० आता न्याय संहितेचं ३१८(४) झालंय, ४०९ झालंय ३१६(५). तरतूद तीच असेल तर जुने निकाल चालतात. तरतूद बदलली असेल तर नाही. उदाहरणार्थ, नव्या संहितेच्या कलम २२३ नुसार तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचं ऐकावं लागतं, आणि हे ईडीच्या तक्रारीलाही लागू आहे असं कुशल कुमार अग्रवाल निकालाने ९ मे २०२५ ला ठरवलं. या मुद्द्यावर जुन्या संहितेखालचे निकाल आता कामाचे नाहीत.

आता तुमच्या अर्जाचं. जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा (१८ एप्रिल २०२२, तीन न्यायमूर्ती, (२०२२) ९ एससीसी ३२१) सगळ्यात वर ठेवा: पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, जामिनाच्या वेळीसुद्धा. दुसरा गजानन दत्तात्रय गोरे विरुद्ध महाराष्ट्र शासन, २८ जुलै २०२५. पैसे भरण्याची हमी देऊन जामीन घ्यायचा आणि मग हमी पाळायची नाही, हा प्रकार पाहून सर्वोच्च न्यायालयाने अशा हमीवर जामीन देऊ नका, गुणवत्तेवरच ठरवा, असं सांगितलंय. आरोपी "पन्नास लाख भरतो" म्हणाला तर ठेवीदारांच्या मनात साहजिकच आशा येते आणि विरोध ढिला पडतो. या निकालानंतर त्या वचनावर जामीन मिळणं अवघड आहे आणि त्याच वचनावर तुम्ही विसंबणंही धोक्याचं. तिसरा ६३ मून्स, बचाव 'ठेव नाही' असा असेल तरच. एवढे पुरे.

प्रत्येक निकाल देण्याआधी पूर्ण वाचा, निदान तो परिच्छेद आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन. शीर्षटीप (निकालाच्या सुरुवातीचा सारांश) संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशांनी नाही. पुष्कळदा उद्धृत केलेलं वाक्य प्रत्यक्षात वकिलाच्या युक्तिवादाचा सारांश निघतं किंवा भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्तींचं. पहिल्या पानावर पीठ किती जणांचं ते बघा. शेवटच्या परिच्छेदात "हा आदेश पूर्वनिर्णय मानू नये" असं लिहिलं आहे का तेही बघा, जामीन आदेशांत ते बरेचदा असतं. उच्च न्यायालयाच्या निकालावरची विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारी) एका ओळीत फेटाळली गेली असेल तर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला असा अर्थ होत नाही, कुन्हयाम्मद निकालापासून (२०००) हे पक्कं आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत, काहींचे मराठी अनुवादही. समजायला अनुवाद वाचा, जोडायला इंग्रजी प्रत. आयएनएससी क्रमांक (सर्वोच्च न्यायालयाने निकालाला दिलेला अधिकृत क्रमांक) किंवा मुंबई उच्च न्यायालयाचा बीएचसी क्रमांक असेल तर तो लिहा. त्यात एएस म्हणजे मुंबईची अपील शाखा, एयूजी औरंगाबाद, एनएजी नागपूर. चॅटबॉटने सुचवलेला निकाल अधिकृत संकेतस्थळावर नाव, तारीख आणि क्रमांक तिन्ही जुळल्याशिवाय वापरू नका. तो अस्तित्वात नसलेली प्रकरणंही पूर्ण सायटेशनसह देतो.

यादी एका पानाची करा: मुद्दा, निकाल, परिच्छेद, आपल्या केसशी संबंध एका ओळीत. एक संच कोर्टाला, एक आरोपीच्या वकिलांना, एक सरकारी वकिलांना. तुमचा खाजगी वकील सरकारी वकिलांना साहाय्य करतो, त्यांच्या जागी उभा राहत नाही, म्हणून यादी सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातात गेली पाहिजे. यादीला निशाणी क्रमांक (कोर्टाच्या नोंदीतला कागदाचा क्रमांक) पडला का ते रोजनाम्यात तपासा. पडला नसेल तर वरच्या कोर्टात "हा निकाल आम्ही दाखवला होता" असं म्हणायला पुरावा राहत नाही.

आणि हे सगळं जामिनापुरतं. पैसे परत मिळण्याचा रस्ता वेगळा आहे, जप्त मालमत्तेचा, आणि तिथे बँका तारण हक्क घेऊन पुढे येतात. तिथे १५ मे २०२५ चा नॅशनल स्पॉट एक्स्चेंज विरुद्ध भारत सरकार हा निकाल काढा: एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकेआधी ठेवीदारांचा हक्क त्यात मान्य झाला आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे (एमपीआयडीखाली जप्त मालमत्ता सांभाळणारा अधिकारी) वडिलांचा दावा मूळ पावतीसह दाखल झाला नसेल तर जामिनाच्या पुढच्या तारखेआधी ते काम करून घ्या.